नांगर आणि पंगत

मराठवाड्याच्या काळ्या मातीत समुद्राची भेट होईल, अशी अपेक्षा कोणी करीत नाही. आम्हीही केली नव्हती. लातूर जिल्ह्यातील शिरूर अनंतपाळ येथे एका कुटुंबाच्या नव्या घराला आशीर्वाद देऊन आम्ही ऐन उन्हाळ्याच्या दुपारी परतीच्या वाटेला लागलो होतो. घरणी नदीच्या पात्रात पाण्यापेक्षा दगडच अधिक दिसत होते. अशा त्या रखरखाटात रस्त्याच्या कडेला एक खाणावळ दिसली. तिची दर्शनी भिंत जहाजाच्या पुढच्या टोकासारखी बांधलेली होती. आत निळ्या भिंती, वाटोळ्या खिडक्या, खांबांना गुंडाळलेले दोरखंड आणि गल्ल्याच्या मागे टांगलेले सुकाणूचे चाक. त्याच्या बाजूला पुरुषभर उंचीचा, रंगवलेला नांगर. आम्ही समुद्राकाठी वाढलेले. त्यामुळे हसू आले, आणि थोडे घरी आल्यासारखेही वाटले.

वाढायला आलेला विशीतला तरुण आमच्या झग्याकडे पाहून थांबला व म्हणाला, "फादर, तुम्ही समुद्र बघितलाय का हो?"

"आमचं गावच समुद्राकाठी आहे," आम्ही म्हणालो.

त्याने भिंतीकडे बोट दाखविले. "मग सांगा की, नांगर तर आमच्याकडं बी हाय. पण हा असला वाकडा नांगर कोणत्या रानात चालतो?"

सोबतची मंडळी हसली. आम्हीही हसलो, परंतु तो प्रश्न काही मनातून गेला नाही. मराठीत शेत नांगरणाराही नांगर आणि गलबत थांबविणाराही नांगर. पहिला संस्कृतातील लाङ्गल शब्दावरून आला. दुसऱ्याचे नाते फारसीतील 'लंगर' शब्दाशी जोडले जाते. दोन वेगळ्या वाटांनी आलेले हे शब्द आपल्या भाषेत एकरूप झाले. जणू भाषेलाच ठाऊक होते की या देशातील शेत आणि समुद्र एकमेकांना परके नाहीत.

वाचकांना ही अतिशयोक्ती वाटेल. म्हणून शिरूरहून फार दूर नसलेल्या एका गावाकडे वळू. तेरणा नदीच्या काठी, धाराशिव जिल्ह्यात, तेर हे गाव आहे. संत गोरोबाकाकांचे गाव म्हणून ते महाराष्ट्राला परिचित आहे. इ. स. 1901 मध्ये इतिहाससंशोधक जे. एफ. फ्लीट यांनी हेच प्राचीन तगर नगर होय, असे प्रतिपादन केले. या तगराचा उल्लेख पहिल्या शतकातील एका ग्रीक ग्रंथात येतो. 'पेरिप्लस' या नावाने ओळखला जाणारा हा ग्रंथ इजिप्तमधून व्यापार करणाऱ्या एका अनामिक दर्यावर्दी व्यापाऱ्याने लिहिला. तो म्हणतो की भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर नावाचे फार मोठे नगर आहे. तगराहून साधे सुती कापड आणि तलम वस्त्रे गाड्यांत भरून, बिकट वाटा तुडवीत भडोचच्या बंदरात जात. एवढेच नव्हे, तर समुद्रकाठच्या प्रदेशांतून आलेला मालही तगरामार्गे पुढे जाई. म्हणजे आज ज्या भूमीला आपण समुद्रापासून तुटलेली समजतो, ती त्या काळी समुद्राच्या व्यापाराची पाठशाळ होती.

त्या बदल्यात येई काय? इटलीचे मद्य, तांबे, कथील, शिसे, पोवळे, काच, सोन्याचांदीची नाणी. राजासाठी चांदीची भांडी, उंची मद्य. आणि त्याच यादीत, भांड्यांच्या शेजारी, गाणारी मुले व सुंदर मुली. माणसांची आणि मालाची नोंद एकाच ओळीत झालेली पाहून वाचणाऱ्याचा हात थबकतो. याच ग्रंथात आणखी एक दृश्य आहे. भडोचच्या खाडीचे मुख उथळ वाळूचे व भयंकर भरती-ओहोटीचे. परकी जहाजे तेथे हमखास अडकत. म्हणून राजाच्या सेवेतील कोळी आपल्या होड्या घेऊन पार सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जात आणि त्या जहाजांना ओढीत, वाट दाखवीत, सुरक्षित नांगरवाड्यापर्यंत आणीत. मद्य राजाने चाखले, कापड रोमच्या श्रीमंतांनी नेसले. गाडीवान व कोळी मात्र नावानिशी कोठेही उरले नाहीत.

आमच्यापुढे ताट आले. ज्वारीची भाकरी, वरण, मिरचीचा ठेचा, शेंगदाण्याची चटणी. मराठवाड्याचे अस्सल, मातीतले जेवण! पण इतिहासाचा चष्मा लावून पाहिले तर हे ताट म्हणजे प्रवाशांनी भरलेले गलबतच होते. ज्वारी मूळची आफ्रिकेतील, सुदानच्या परिसरातील. इसवी सनापूर्वी दुसऱ्या सहस्रकात ती भारतात पोहोचली, आणि पुढे आपली इतकी झाली की भाकरी म्हटले की गावच आठवावे. मिरची अमेरिका खंडातील. ती पोर्तुगीजांच्या जहाजांतून सोळाव्या शतकात आली. तोवर तगरच्या स्वयंपाकघरांतील तिखटपणा मिऱ्याचा आणि पिंपळीचा होता. पिंपळी तर भडोचहून निर्यातच होत असे. नव्या पाहुणीला आपल्या लोकांनी जुन्या मिऱ्यावरूनच नाव दिले. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतील. बटाट्याने तर आपले पोर्तुगीज नावही सोडले नाही.

या सगळ्यांत खरी घरची म्हणावी अशी तूर. ती भारतातलीच, आणि लातूरची डाळ तर प्रसिद्धच. पण तिलाही समुद्र चुकला नाही. येथून ती आफ्रिकेत गेली, समुद्रापलीकडील बेटांवर गेली. आणि 2016 मध्ये भारत सरकारने मोझांबिकशी डाळींच्या आयातीचा करार केला, तेव्हा कधीकाळी येथून गेलेल्या तुरीचे जहाजात बसून माहेरी येणे पक्के झाले. ते वर्ष लातूरकर विसरणार नाहीत. त्याच वर्षीच्या 12 एप्रिलला मिरजेहून कृष्णेचे पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वेगाडी लातूरच्या स्थानकात आली. सुमारे साडेतीनशे किलोमीटर अंतर पाण्याने लोखंडी रुळांवरून कापले. नदीकाठच्या लोकांना दुसऱ्या नदीचे पाणी पाहुणे म्हणून यावे लागले. ज्या वर्षी घरची तूर परदेशातून आली, त्याच वर्षी घरचे पाणी परजिल्ह्यातून आले. स्वयंपूर्णतेचा अभिमान बाळगणाऱ्या कोणत्याही ताटाने ही गोष्ट लक्षात ठेवावी. आपण सारेच कोणा परक्याने आणलेल्या घासावर जगत आलो आहोत.

आता पुन्हा त्या नांगराकडे येऊ. फारसी भाषेत 'लंगर' म्हणजे जहाजाचा नांगर. आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ, जेथे वाटसरूला व गरिबाला अन्न मिळते ते ठिकाण. सूफी साधूंच्या मठांतील भटारखान्यांना हे नाव होते. शीख परंपरेत गुरू नानकांच्या शिकवणुकीतून आणि त्यांच्यामागून आलेल्या गुरूंच्या काळी या संस्थेला जे रूप आले ते जगाला ठाऊक आहे. ते पाहण्यासाठी पंजाबात जाण्याचे कारण नाही. गोदावरीच्या काठी नांदेड येथे 1708 मध्ये गुरू गोविंदसिंगांनी देह ठेवला. त्या स्थानी महाराजा रणजितसिंगांनी 1832 ते 1837 या काळात गुरुद्वारा उभारला. तेथील लंगरात आम्ही जमिनीवर बसून जेवलो आहोत. शेजारी कोण बसले आहे, हे तेथे कोणी विचारीत नाही. वाढणाराही नंतर त्याच ओळीत बसतो. त्या ओळीला शीख बंधू 'पंगत' म्हणतात. शब्द आपलाच, अर्थ मात्र आपण किती काळ उलटा केला! आपल्याकडे पंगत म्हणजे कोण कोणाबरोबर बसणार नाही हे ठरविण्याची रीत होती.

नांगर आणि अन्न यांची एक गाठ प्रेषितांच्या कृत्यांतही पडलेली आहे. आलेक्झांद्रियाचे एक जहाज संत पौलासह 276 माणसांना घेऊन रोमकडे निघाले आणि वादळात सापडले. खलाशांनी जहाजाच्या मागील बाजूने चार नांगर टाकले आणि उजाडण्याची वाट पाहिली. पहाटे पौलाने सर्वांना धीर दिला, भाकर घेतली, ईश्वराचे आभार मानले, ती मोडली आणि तो खाऊ लागला. मग सर्वांनीच अन्न घेतले. त्या जहाजावर रोमन शताधिपती होता, सैनिक होते, खलाशी होते आणि खुद्द पौलासारखे कैदीही होते. ज्याला बेड्या घालून नेत होते, त्यानेच सर्वांना जेवावयास सांगितले. नांगर पडलेला होता, आणि त्या घटकेपुरते सारे एका पंगतीचे होते.

शिरूरच्या त्या खाणावळीत जेवण संपत आले, तेव्हा आम्ही त्या तरुणाला म्हणालो, "बाळ, दोन वाजून गेले. तूही बस ना आमच्याबरोबर."

त्याने गल्ल्याकडे पाहिले आणि मान हलविली. "वाढणाऱ्यानं बसायचं नसतंय, फादर."

मालकाला दोष द्यावा असे क्षणभर वाटले. पण गाडी चालू लागली आणि आमच्या स्वतःच्या अंगणातील लग्ने आठवली. नारळीच्या झावळ्यांचा मांडव, पाहुण्यांच्या पंगतींवर पंगती. आम्ही शाळकरी पोरे उत्साहाने वाढपी होत असू. आमच्या वाडीत वर्षभर राबणारे मजूर मात्र कुंपणापाशी उभे असत. दिवे लागणीला, उरलेसुरले गोळा करून, त्यांची पंगत वेगळी बसे, आणि तिला वाढायला आम्हांपैकी कोणी धावत नसे. त्याच दिवशी सकाळी चर्चमध्ये आम्ही सर्वांनी एकाच वेदीवरून भाकर घेतलेली असे. याची विसंगती आम्हांला कोणी दाखविली नाही. आणि खरे सांगायचे तर, गुरुविद्यालयातील इतक्या वर्षांच्या अभ्यासानंतरही आमची आम्हांला ती फार उशिरा दिसली.

भिंतीवर नांगर टांगून खाणावळीचे जहाज होत नाही, तसेच छतावर क्रूस उभारून घराचे चर्च होत नाही. असो.

आमच्या धर्मग्रामाचा सण जवळ आला आहे. मांडव घालणारे येतील, आचारी येतील, भांडी घासणाऱ्या बाया येतील. यंदा पहिली पंगत त्यांची असावी असे आम्ही मंडळींना सुचविले आहे. वाढायला आम्ही उभे राहणार आहोत. भाकरी ज्वारीचीच असेल.