तळटीप : ‘तुळस उपटविली’
गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे जुन्या गोव्यात आदिलशाहाच्या पूर्वीच्या वाड्यात १५६० पासून बसणाऱ्या धर्मन्यायालयाने, १७३६ साली जो जाहीरनामा काढला, त्याचा हा उल्लेख. भात शिजविताना मीठ वगळू नये, लग्नात हळद लावू नये, अंगणातील तुळस उपटावी, पुरुषांनी धोतर नेसू नये, स्त्रियांनी चोळी घालू नये, अशा मनाया त्यात असून, साष्टी-बारदेशांतील बाटलेल्या कुळांच्या चुलीपर्यंत, आधणात पडणाऱ्या मिठापर्यंत, त्या दरबाराचा अंमल पोहोचला होता. शेजाऱ्याच्या चुगलीवरून कैदेत पडलेल्या रयतेस आपला फिर्यादी कोण हे कळू दिले जात नसे. माझ्या मते हाच त्या न्यायाचा सर्वांत निर्दय भाग होय. १७७४ ते १७७८ हा खंड वगळता हे न्यायालय १८१२ पर्यंत चालले.