बुलढाणा जिल्ह्यातील कातळमाथे व त्यांवरील वनस्पती

विदर्भाच्या पश्चिम टोकावरील बुलढाणा जिल्ह्यात अजिंठा रांगेचे कडे, सुट्या टेकड्या, लोणार विवराचा काठ आणि उत्तरेकडील सातपुड्याचे उतार येथे बसाल्ट उघडा पडला आहे. जिल्ह्यातील लोक आपला मुलूख घाटावरचा आणि घाटाखालचा असा ओळखतात. बुलढाणा शहर (उंची सुमारे ६५० मी.), चिखली, मेहकर व लोणार घाटावर, मलकापूर, नांदुरा आणि शेगाव घाटाखाली, पूर्णेच्या खोऱ्यात. दोन्हीकडच्या काळ्या मातीत कापूस, तूर, सोयाबीन उभे असते. नांगर न लागलेली जमीन उरली आहे ती बहुतांशी या दोहोंच्या सांध्यावर, राजूर घाट व बोथ्याच्या जंगलासारख्या ठिकाणी.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेल्या लाव्हाचा हा खडक आहे. कठीण थर कडा होऊन उभे राहतात, मऊ थरांचा मुरूम होऊन खाली घसरतो. म्हणून टेकड्या पायऱ्यापायऱ्यांच्या व सपाट माथ्याच्या दिसतात. पूर्व आफ्रिकेतील मैदानांतून एकाकी उठणाऱ्या खडकाळ टेकड्यांना जर्मन भूवैज्ञानिक विल्हेल्म बोर्नहार्ट यांनी १९०० साली बेटपर्वत म्हटले. त्या टेकड्या ग्रॅनाइटजातीच्या, घुमटाकार. येथील माथे बसाल्टचे आणि सपाट. वनस्पतींच्या दृष्टीने मात्र दोन्हीकडची अडचण एकच आहे: भोवतालच्या जमिनीला मिळणारे पाणी खडकाला मिळत नाही. वर्षाकाठी सात-आठशे मिलिमीटर पाऊस, तोही जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात, आणि कातळावरून तो लगेच वाहून जातो. दगडाच्या फटीत दोन-चार बोटे माती असते, तेवढ्यावरच संसार.

या फटींत सालई, कांडोळ, मोईन आणि गणेर ही झाडे रुजतात. त्यांच्या सालीत किंवा खोडात डिंक व पाणी साठलेले असते आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी ती पाने टाकून देतात. गणेर तर पानझडीनंतरच, निष्पर्ण फांद्यांवर, मोठी पिवळी फुले उघडतो. सालईची साल कागदासारखी सुटते. तिचा सुगंधी डिंक धुपासाठी जातो. कांडोळाचा डिंक औषधांत व खाद्यपदार्थांत वापरतात. डिंकासाठी खोडाला खोल घाव घातले की झाड खंगते, आणि कातळावरच्या झाडाला सावरायला अनेक वर्षे लागतात.

झाडांपेक्षाही नवल वाटावे अशा वनस्पती पायाखाली असतात. मोरपंखी (मयूरशिखा) हे वीतभरही उंची नसलेले नेचे दगडाच्या खाचेत, जुन्या विहिरींच्या चिऱ्यांत उगवते. पाने पंख्यासारखी असून उन्हाळ्यात ती मुठीसारखी आवळली जातात. चार-दोन बोटे उंचीचे ओरोपेटियम थोमेअम हे दख्खनच्या कातळांवरचे गवत तर पार वाळते, बोटांत चुरडावे इतके, आणि पाऊस पडल्यावर त्याच जुन्या पात्यांत हिरवेपण परत येते. त्याची जनुकसंहिता फार आटोपशीर, सुमारे २४.५ कोटी बेस-जोड्यांची आहे. २०१५ साली ती उलगडण्यात आली. दुष्काळातही तग धरणाऱ्या पिकांच्या संशोधनात आज या गवताकडे लक्ष आहे. उरलेल्या वनस्पती पावसाळ्यापुरत्या: तेरडा, कुरडू, नीलवंती, कंदातून वर येणारी मुसळी व कळलावी.

माथ्यांवरील गवतांत कुसळीबरोबर रोशा आढळतो. त्याच्या पानाफुलांचे ऊर्ध्वपातन करून काढलेले सुगंधी तेल खानदेश, निमाड व वऱ्हाडच्या डोंगरांतून मुंबईमार्गे तुर्कस्तानात जाई आणि तेथून गुलाबाच्या अत्तरात मिसळले जाई. या ‘ओसाड’ डोंगरांनी कधीकाळी परदेशी बाजार पोसला आहे, याची नोंद विकासाच्या आराखड्यांत कोठे दिसत नाही.

लोणारचे विवर (व्यास सुमारे १.८ किमी.) हा या साऱ्यातील वेगळा प्रकार. उल्कापाताने बसाल्टमध्ये झालेल्या या खळग्याचा काठ शेतांच्या मधोमध एकटा उंचावला आहे. उतारावर साग व सीताफळासह पानझडी वन, धारेच्या झऱ्याजवळ ओल्या दगडावर शेवाळ व नेचे, तळाकडे चिंच आणि बाभूळ, आणि शेवटी खाऱ्या, क्षारधर्मी पाण्याकाठी उघडी पट्टी, असे वर्तुळाकार पट्टे थोड्याशा अंतरात दिसतात. काठालगत पसरलेली वेडी बाभूळ मूळ झाडांची जागा घेते, म्हणून ती काढणे आवश्यक ठरले आहे. लोणार २००० साली अभयारण्य व २०२० साली रामसर क्षेत्र झाले.

संरक्षण येथे आले ते वनस्पतींसाठी नव्हे. लोणारला ते भूशास्त्रामुळे व सरोवरामुळे मिळाले, ज्ञानगंगा (१९९७, सुमारे २०५ चौ. किमी.) अभयारण्याला बिबट्या-अस्वलांमुळे, आणि २०१९ साली टिपेश्वरहून चालत आलेल्या वाघाने त्याचे नाव देशभर नेले. उत्तरेकडील अंबाबरवा अभयारण्य मेळघाट व्याघ्रप्रकल्पाशी जोडलेले आहे. या सीमांच्या आतला कातळ त्या निमित्ताने वाचला. बाहेरचा सातबाऱ्यावर ‘पोटखराब’ म्हणून नोंदला जातो, आणि खराब म्हटलेली जमीन खणायला कोणाचा हात थांबत नाही. खाणी, खडी क्रशर, मुरूम उपसा, दरवर्षीचे वणवे हे धोके उघड आहेत. सदिच्छेने होणारे नुकसान कमी दिसते: समतल चर खोदून व गिरिपुष्पासारखी परकी झाडे लावून केलेले ‘हरितीकरण’ कातळावरील गवत व नेचे मुळासकट उखडते.

राष्ट्रीय महामार्गाच्या कामासाठी तलाव, नाले व शेततळी खोल करून निघालेली माती-मुरूम वापरण्याची पद्धत ‘बुलढाणा पॅटर्न’ या नावाने गाजली. तिची प्रशंसा वाढलेल्या पाणीसाठ्यासाठी झाली. पण तलावातून उचललेला प्रत्येक डंपर मुरूम हा टेकडीवरून न उचललेला मुरूम असतो, आणि या जमाखर्चात वाचलेल्या टेकड्याही धरायला हव्यात. त्यांवर काय वाढते याची पायाभूत यादी भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने २००० साली प्रसिद्ध केलेल्या, पी. जी. दिवाकर व बी. डी. शर्मा यांच्या बुलढाणा जिल्ह्याच्या वनस्पतिकोशात मिळते. कातळाचा तुकडा खाणपट्ट्याला देण्यापूर्वी पावसाळ्यात एकदा त्या यादीशी ताडून पाहण्याची अट घालणे जिल्हा प्रशासनाला फारसे अवघड नाही.