मुलांच्या नावाने मागे घेतलेले पुस्तक

१९ सप्टेंबर १९६२ रोजी मध्य प्रदेश शासनाने एका शालेय पुस्तकावर बंदी घातली. ‘भारत : इतिहास और संस्कृति’ हे त्या पुस्तकाचे नाव आणि गजानन माधव मुक्तिबोध हे त्याचे लेखक. पुढे हे प्रकरण जबलपूरच्या उच्च न्यायालयात गेले आणि १९६३ साली त्याचा निकाल लागला. हिंदी काव्याच्या इतिहासात मुक्तिबोधांचे स्थान आज वादातीत आहे. परंतु त्यांच्या चरित्रातील हे प्रकरण बहुधा कवीच्या यातनांचा एक भाग म्हणूनच सांगितले जाते. त्याची दुसरी बाजू शिक्षणाच्या इतिहासाशी निगडित आहे. मुलांच्या हाती द्यावयाचा मजकूर कोणी ठरवावा, तो कोणत्या कारणासाठी काढून घ्यावा, आणि काढून घेतलेला मजकूर परत मिळाला तरी तो कोणाला मिळतो, हे प्रश्न या प्रकरणाने उभे केले. ते आजही सुटलेले नाहीत.

मराठी वाचकाला या घटनेत आपलेपणाचे काही दुवे सापडतात. मुक्तिबोधांचे पूर्वज खानदेशातून ग्वाल्हेर संस्थानात जाऊन स्थिरावले. वडील माधवराव पोलीस खात्यात अधिकारी होते. गजाननरावांचा जन्म १३ नोव्हेंबर १९१७ रोजी श्योपूर येथे झाला. घरातील बोलणे मराठी, भोवतालचा प्रदेश हिंदी. धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीत लिहू लागले. ‘नवी मळवाट’ आणि ‘यात्रिक’ या संग्रहांनी ते मराठी नवकाव्यातील एक महत्त्वाचे कवी ठरले, आणि १९७९ साली त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. थोरल्या बंधूंनी हिंदीचा स्वीकार केला. १९४३ साली अज्ञेयांनी संपादित केलेल्या ‘तार सप्तक’मधील सात कवींत ते एक होते. एकाच घरातून दोन भाषांना दोन कवी लाभावेत, ही घटना मध्य भारतातील मराठी कुटुंबांच्या द्विभाषिक जीवनातूनच संभवली.

जबलपूरशीही मुक्तिबोधांचे नाते जुने होते. १९४०च्या दशकाच्या उत्तरार्धात ते तेथील हितकारिणी शाळेत शिक्षक होते. पुढे नागपुरात त्यांनी आकाशवाणीत आणि ‘नया खून’ या साप्ताहिकात काम केले. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले आणि नव्या मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय जबलपूरला स्थापन झाले. त्याच सुमारास जबलपुरात हरिशंकर परसाई ‘वसुधा’ हे मासिक चालवीत होते. मुक्तिबोधांच्या ‘एक साहित्यिक की डायरी’ या लेखमालेतील लेख तेथे प्रसिद्ध झाले. १९५८ पासून मुक्तिबोध राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात अध्यापन करू लागले. कुटुंब मोठे, मिळकत तुटपुंजी आणि कवितासंग्रह अद्याप एकही प्रसिद्ध नाही, अशा अवस्थेत त्यांनी शालेय पुस्तकाचे काम हाती घेतले. त्यामागे अर्थप्राप्तीची अपेक्षा होती, यात लपविण्यासारखे काही नाही. पण केवळ अर्थप्राप्तीसाठी लिहिणारा लेखक रूढ साच्यात पुस्तक बसवून मोकळा झाला असता. मुक्तिबोधांनी तसे केले नाही.

सामान्यतः इतिहासाच्या पुस्तकात राजे, लढाया आणि राज्यांतील उलथापालथ यांचा जो तपशील असतो, तो येथे नाही, असे त्यांनी प्रास्ताविकातच स्पष्ट केले होते. समाज आणि संस्कृती यांचा विकास कोणत्या वाटेने झाला, हे विद्यार्थ्यांना सांगावे, हा त्यांचा हेतू होता. ही भूमिका वरवर निरुपद्रवी दिसते. परंतु संस्कृतीला विकास असतो असे म्हटले, की ती कधीतरी वेगळी होती, तिच्यात बाहेरून काही आले, आतून काही गळून पडले, हेही मान्य करावे लागते. ज्यांना संस्कृती हा अविकारी वारसा वाटतो त्यांना या मांडणीत अवमान दिसणे स्वाभाविक होते. पुस्तकाविरुद्ध आंदोलन उभे राहिले. त्यात हिंदुत्ववादी विचारांची मंडळी होती, तसे धार्मिक भावना दुखावल्याची तक्रार करणारे गटही होते. पाठ्यपुस्तकांच्या बाजारपेठेतील प्रकाशकांची स्पर्धाही या विरोधामागे होती, असे सांगितले जाते. पुस्तक अभ्यासक्रमात लागणे म्हणजे हजारो प्रतींची हमी. त्यामुळे एखादे पुस्तक बाद होण्यात कोणाचा तरी लाभ असतोच. श्रद्धेचा क्षोभ आणि धंद्याचा हिशेब अशा वेळी एकमेकांना सोयीचे ठरतात.

काळही अनुकूल नव्हता. फेब्रुवारी १९६१ मध्ये जबलपुरात भीषण जातीय दंगल झाली होती. फाळणीनंतर देश सावरत असताना घडलेल्या या दंगलीने केंद्र शासनही हादरले, आणि त्याच वर्षी राष्ट्रीय एकात्मतेच्या प्रश्नावर देशपातळीवर विचारविनिमय सुरू झाला. या पार्श्वभूमीवर दोन निष्कर्ष शक्य होते. मुलांना भारतीय संस्कृतीची संमिश्र घडण समजावून देणे अधिकच निकडीचे झाले आहे, हा एक. ज्या मजकुराने कोणी प्रक्षुब्ध होईल तो मजकूरच नको, हा दुसरा. लेखकाने पहिल्या निष्कर्षाच्या दिशेने पुस्तक लिहिले. शासनाने दुसरा स्वीकारला. प्रशासनाच्या दृष्टीने दुसरा मार्ग सोपा असतो. दंगलीची धग अनुभवलेल्या शासनाला सुव्यवस्थेची चिंता वाटणे अस्वाभाविक नव्हते. परंतु त्या चिंतेचे ओझे क्षोभ करणाऱ्यांवर न पडता पुस्तकावर पडले.

जबलपूरच्या न्यायालयात जे घडले ते या दृष्टीने विचार करण्याजोगे आहे. न्यायालयीन प्रक्रियेत पुस्तकाचे तुकडे पडले: कोणत्या पानावरील कोणते विधान आक्षेपार्ह, याची छाननी झाली. आक्षेपार्ह ठरलेला भाग वगळून पुस्तक प्रसिद्ध करता येईल, असा निर्णय १९६३ साली झाला. म्हणजे लेखक पुरता हरला नाही आणि विरोधकही पुरते जिंकले नाहीत. राजपत्रातील एका आदेशाने सबंध पुस्तक नाहीसे होण्यापेक्षा हे निःसंशय बरे होते. न्यायालयात निदान आक्षेपाला आपले नाव-गाव सांगावे लागते; ‘भावना दुखावल्या’ एवढे म्हणून भागत नाही, कोणते वाक्य आणि का, हे दाखवावे लागते. तरीही या पद्धतीची एक मर्यादा आहे. इतिहासाचा पाठ सुट्या विधानांनी बनत नाही. एका परिच्छेदात संघर्ष आणि पुढच्यात समन्वय, अशा क्रमाने त्याचा अर्थ सिद्ध होतो. संघर्ष वगळला की समन्वय कशाचा झाला हे विद्यार्थ्याला कळत नाही. उरते ते केवळ गोडवे.

मुक्तिबोधांवर या प्रकरणाचा आघात खोल झाला, याविषयी त्यांच्या मित्रांच्या आठवणींत एकवाक्यता आढळते. त्यांच्या ‘अंधेरे में’ या दीर्घ कवितेतील दहशतीचे वातावरण या बंदीशी जोडण्याची प्रथा समीक्षेत आहे. तेथे मात्र सावधपणा हवा. या कवितेचा रचनाकाल १९५७ ते १९६२ असा दिला जातो; तेव्हा बंदीने ती कविता जन्माला घातली असे म्हणणे कालक्रमाला धरून होणार नाही. कवीला जे भय आधीच दिसत होते त्याचा प्रत्यय बंदीने आणून दिला, एवढेच म्हणता येईल. फेब्रुवारी १९६४ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. भोपाळ व नंतर दिल्ली येथे उपचार झाले आणि ११ सप्टेंबर १९६४ रोजी त्यांचे निधन झाले. ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ हा पहिला स्वतंत्र काव्यसंग्रह त्यांना छापील स्वरूपात पाहता आला नाही. ज्याला आज आधुनिक हिंदी कवितेचा एक आधारस्तंभ मानतात, त्याच्या हयातीत प्रकाशित झालेल्या मोजक्या पुस्तकांपैकी एक हे बंदी घातलेले शालेय पुस्तक होते.

या घटनेनंतरचा इतिहास पाहिला तर ती अपवादात्मक नव्हती, हे ध्यानात येते. १९७८ साली रामशरण शर्मा यांचे प्राचीन भारतावरील पाठ्यपुस्तक केंद्रीय मंडळाच्या अभ्यासक्रमातून काढण्यात आले. सत्ताबदलानंतर १९८० साली ते परत आले. २००८ साली ‘शिनचॅन’ या जपानी कार्टून मालिकेचे प्रक्षेपण पालकांच्या तक्रारींवरून थांबविण्यात आले आणि पुढे काटछाट करून ती पुन्हा दाखविली गेली. तेथे प्रश्न इतिहासाचा नव्हता, मुलाच्या उद्धट वागण्याचा होता; पण तक्रार, बंदी आणि कात्री हा क्रम मात्र जबलपूरच्याच प्रकरणासारखा होता.

मराठी जगाच्या अगदी निकट आलेले प्रकरण २०१२ सालचे. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात शंकर यांचे १९४९ सालचे एक व्यंगचित्र छापलेले होते. संविधानाची गोगलगाय, तीवर चाबूक घेऊन बसलेले डॉ. आंबेडकर आणि मागे चाबूक उगारलेले पंडित नेहरू, असे ते चित्र. ११ मे २०१२ रोजी संसदेत त्यावरून गदारोळ झाला आणि शासनाने ते काढून टाकण्याची घोषणा केली. पुस्तकाचे प्रमुख सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले. दुसऱ्याच दिवशी पुणे विद्यापीठातील पळशीकरांच्या कार्यालयावर हल्ला झाला. ज्यांचे व्यंगचित्र मुलांना अयोग्य ठरले त्या शंकर यांनीच १९५७ साली चिल्ड्रन्स बुक ट्रस्टची स्थापना केली होती.

जबलपूर आणि पुणे ही दोन प्रकरणे एकसारखी मानणे मात्र अन्यायाचे होईल. १९६२ साली आक्षेप घेणारे लोक परंपरेच्या बळावर उभे होते. २०१२ साली आक्षेप घेणाऱ्यांत असे अनेक होते, की ज्यांच्या पूर्वजांनी चाबूक प्रत्यक्ष पाठीवर सोसला होता. वर्गातील दलित विद्यार्थ्याला ते चित्र काय सांगेल आणि त्याच्या शेजारचा विद्यार्थी त्यावर कसा हसेल, हा प्रश्न खोटा नव्हता. संविधान तयार होण्यास इतका काळ का लागला, याचे गंभीर विवेचन चित्रासोबतच्या मजकुरात होते, हेही तितकेच खरे. खरे पाहता वर्गात चर्चा करावी असाच हा विषय होता. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तिने अशा पुस्तकांतील चित्रांचा फेरविचार सुचविला, आणि समितीचे सदस्य एम. एस. एस. पांडियन यांनी आपले भिन्न मत नोंदविले. पण चित्र काढण्याची घोषणा समितीच्या विचाराआधीच होऊन गेली होती.

या सर्व प्रकरणांत एक पक्ष सतत अनुपस्थित राहिला. मुलांच्या नावाने वाद झाले. मुलाला काय समजले, त्याने कोणता प्रश्न विचारला, शिक्षकाने काय उत्तर दिले, याची विचारणा झाल्याचे दिसत नाही. मुलांना काय द्यावे याचा विवेक समाजाने करू नये, असा याचा अर्थ नव्हे. वयाला न पेलणारे, कोणाला हीन लेखणारे असे काही त्यांच्या हाती पडू नये, ही चिंता रास्त आहे. मात्र तिचा निर्णय शिक्षणाच्या निकषावर व्हावा. मोठ्यांच्या प्रतिष्ठेचा निकष त्याच्या जागी आणला, की मुलाचे हित हे केवळ निमित्त उरते.

प्रौढांच्या पुस्तकावरील बंदी आणि मुलांच्या पुस्तकावरील बंदी यांत मूलभूत अंतर आहे ते काळाचे. प्रौढ वाचक वाट पाहू शकतो. दहा वर्षांनी बंदी उठली तरी पुस्तक त्याला भेटते. बालपणाची मुदत अल्प असते. १९७८ ते १९८० या दोन वर्षांत जे विद्यार्थी तो वर्ग ओलांडून गेले, त्यांच्यापुरती ती बंदी कायमचीच ठरली. मुक्तिबोधांचे पुस्तक एकविसाव्या शतकात राजकमल प्रकाशनाने वगळलेल्या भागासह पुन्हा उपलब्ध करून दिले. आज ग्रंथालयात ते मिळते. हिंदी साहित्याचे अभ्यासक एका थोर कवीचे गद्य म्हणून ते आस्थेने वाचतात. ज्या विद्यार्थ्यांसाठी ते लिहिले होते ते मात्र तोवर वृद्ध झाले होते. लेखकाला न्याय मिळाला, वाङ्मयाला एक पुस्तक परत मिळाले. वर्गाला ते मिळाले नाही.