परतलेल्या हेराचे खोडलेले आयुष्य (धागा)

आधुनिक ‘वेस्टर्न’ थरारपटांत वर्षानुवर्षे खोट्या नावाने वावरलेला हेर एके दिवशी घरी परततो, आणि खरी कथा तेथूनच सुरू होते. चार्ल्स सिरिंगोच्या बाबतीत हे प्रत्यक्षात घडले.

सिरिंगो मूळचा टेक्सासचा गुराखी. जन्म १८५५ चा. १८८६ साली तो शिकागोत ‘पिंकर्टन’ या हेरसंस्थेत दाखल झाला. ही संस्था सरकारी नव्हे, खासगी. रेल्वे कंपन्या आणि खाणमालक हे तिचे धनी.

१८९१ साली तिने त्याला आयडाहोच्या खाणप्रदेशात धाडले. आपल्याला कामगारांविषयी सहानुभूती होती, म्हणून ही कामगिरी आपण प्रथम नाकारली, असे तो स्वतः सांगतो. पुढे मात्र ती त्याने पत्करली, आणि पत्करली ती अशी की जेम या गावी ‘लिऑन ॲलिसन’ नावाने तो संघटनेत शिरला व चक्क तिचा चिटणीस झाला. सभेचे इतिवृत्त लिहिणारा हात तोच, आणि मालकपक्षाला गुप्त अहवाल पाठवणाराही तोच! शौर्य म्हणावे की विश्वासघात? माझ्या मते दोन्ही, आणि म्हणूनच हा माणूस सहजासहजी पचत नाही.

जुलै १८९२ मध्ये संप पेटला आणि बिंग फुटले. संतप्त जमाव शोधत असताना त्याने खोलीच्या फळ्यांच्या जमिनीला करवतीने भोक पाडले आणि रस्त्याकडेच्या लाकडी पदपथाखालून, डोक्यावर त्याच जमावाची पावले वाजत असताना, सरपटत पळ काढला. नंतर त्याने न्यायालयात साक्ष दिली आणि कामगार पुढारी दोषी ठरले. त्यांपैकी जॉर्ज पेटिबोन यांच्या खटल्यातील शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने १८९३ साली रद्द केली. त्याच वर्षी पश्चिमेतील खाणकामगारांनी आपला महासंघ उभारला.

१९०७ साली नोकरी सोडून सिरिंगो न्यू मेक्सिकोतील सांता फे जवळच्या आपल्या कुरणावर परतला आणि आठवणी लिहू लागला. संस्थेने न्यायालयात धाव घेतली. १९१२ साली पुस्तक निघाले खरे, पण त्यात ‘पिंकर्टन’चे ‘डिकन्सन’ झाले होते! संतापून त्याने १९१५ साली संस्थेवर थेट आरोप करणारे दुसरे पुस्तक काढले. तेही दडपले गेले. ज्याने बावीस वर्षे खोटी नावे धारण केली, त्याला आता खरे नाव छापण्याची मुभा नव्हती.

पुढे कर्जाने आणि आजाराने कुरण सुटले. १९२२ साली तो लॉस एंजेलिसला गेला. तेथे ‘वेस्टर्न’ मूकपटांचा नायक विल्यम हार्ट याच्याशी त्याची मैत्री जमली. १९२७ साली एका नामांकित प्रकाशकाने त्याचे आत्मचरित्र छापले, तेव्हा पिंकर्टनने पुन्हा हरकत घेतली. सुधारित आवृत्तीतून हेरगिरीची प्रकरणे गाळली गेली आणि त्यांच्या जागी इतर दरोडेखोरांच्या कथा आल्या. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९२८ मध्ये, सिरिंगो वारला.