परतीचं भाडं

आमच्या चिकलठाण्याच्या एमआयडीसीत आजवर कामाला माणसं बाहेरून येत आली. आता इथल्या पोरांनी बाहेर जायची गोष्ट निघाली आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. तिकडे म्हातारी माणसं वाढली, काम करणारे हात कमी पडताहेत.

जर्मनीला हे नवं नाही बरं का! १९६१ मध्ये तुर्कस्तानशी करार झाला तेव्हा अट होती, दोन वर्षं काम करा आणि परत जा. पण शिकवून तयार केलेला माणूस घालवणं कारखानदारांना परवडेना. १९६४ मध्ये अट गेली. १९७३ मध्ये भरतीच बंद झाली, तोवर अनेकांचे संसार तिकडे थाटले होते.

आपल्याकडे १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा होता. मजुराचं येण्या-जाण्याचं भाडं ठेकेदाराने द्यायचं, असं त्यात चक्क लिहिलेलं! आणि ८ मे २०२० च्या पहाटे, इथून जालन्याकडे जाताना लागणाऱ्या करमाडजवळ, रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. मध्य प्रदेशातले, जालन्यात पोलाद कारखान्यात कामाला. भुसावळहून गाडी मिळेल म्हणून चालत निघालेले. रुळांवर त्यांच्या पोळ्या विखुरल्या होत्या.

असो. जर्मनीचा कागद घेऊन कुणी विचारायला आलं, तर पगाराचा आकडा मी नंतर बघतो. परतीचं भाडं कुणाकडे, ते कलम आधी शोधतो.