रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेतील भूल आणि इकोकार्डिओग्राफीचे प्रगत प्रशिक्षण

महाधमनी ही शरीरातील सर्वांत मोठी रक्तवाहिनी आहे. तिची भिंत दुर्बल होऊन फुगल्यास ती फुटण्याचा धोका असतो. खुल्या शस्त्रक्रियेत तिला क्लॅम्प लावून रक्तप्रवाह काही काळ थांबवला जातो. त्या क्षणी रक्तदाब वाढून हृदयावर ताण पडतो, तर मूत्रपिंडे व मज्जारज्जू यांचा रक्तपुरवठा घटू शकतो. क्लॅम्प काढताच रक्तदाब झपाट्याने उतरतो. हे चढउतार सांभाळण्याची जबाबदारी भूलतज्ज्ञाची असते.

भुलेच्या अंमलाखालील रुग्ण छातीत दुखत असल्याचे सांगू शकत नाही. अशा वेळी अन्ननलिकेतून केली जाणारी इकोकार्डिओग्राफी उपयुक्त ठरते. अन्ननलिका हृदयाच्या लगतच मागे असल्यामुळे तिच्यात सोडलेल्या प्रोबद्वारे हृदयाची स्पष्ट चित्रे मिळतात. हृदयस्नायूला रक्त कमी पडल्यास त्या भागाची हालचाल मंदावते. हा बदल अनेकदा ईसीजीच्या आधी पडद्यावर दिसतो. रक्तदाब घसरण्याचे कारण रक्तस्राव आहे की हृदयाची दुर्बलता, हेही समजते. पहिल्या स्थितीत रक्त व द्रव द्यावे लागतात. दुसऱ्या स्थितीत तोच उपाय घातक ठरू शकतो.

या तपासणीला मर्यादाही आहेत. हवेने भरलेली श्वासनलिका मध्ये येत असल्याने चढत्या महाधमनीचा वरचा भाग नीट दिसत नाही. क्वचित अन्ननलिकेला इजाही होते. त्यामुळे अन्ननलिकेचे काही विकार असलेल्या रुग्णांत ही तपासणी टाळली जाते. म्हणूनच केवळ यंत्र हाताळता येणे पुरेसे नसून, चित्राचा अर्थ लावून तत्काळ निर्णय घेण्याचे शिक्षण आवश्यक मानले जाते.

अमेरिकेत भूलशास्त्रातील पदव्युत्तर प्रशिक्षणानंतर हृदय व वक्ष भूलशास्त्राची एक वर्षाची फेलोशिप असते. तिला तेथील वैद्यकीय शिक्षण मान्यता परिषदेने २००६ मध्ये मान्यता दिली. १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांत संपूर्ण तपासणीसाठी २० दृश्ये सांगितली होती. २०१३ मध्ये ती २८ झाली. नॅशनल बोर्ड ऑफ इकोकार्डिओग्राफीच्या प्रगत प्रमाणपत्रासाठी ३०० तपासण्यांचा अभ्यास अपेक्षित असून त्यांपैकी किमान १५० उमेदवाराने स्वतः कराव्या लागतात.

भारतात एम. डी. नंतर तीन वर्षांचा डी. एम. अभ्यासक्रम उपलब्ध आहे. तिरुवनंतपुरम येथील श्री चित्रा तिरुनाल संस्थेत तो हृदय, वक्ष व रक्तवाहिनी भूलशास्त्र या विषयात शिकवला जातो. या शाखेतील भारतीय भूलतज्ज्ञांची संघटनाही अन्ननलिकेतून करावयाच्या इकोकार्डिओग्राफीसाठी स्वतंत्र परीक्षा घेते.