झोजीलाची वाट

श्रीनगरहून लेहला जाणाऱ्या रस्त्याविषयी लिहिणारे प्रवासी सोनमर्गच्या कुरणांपाशी आणि लामायुरूच्या पिवळ्या टेकड्यांपाशी रेंगाळतात. ते कौतुक खोटे नव्हे. परंतु हा रस्ता देखाव्यासाठी झालेला नाही, हे आम्हांस प्रथम सांगावयाचे आहे.

मार्गावरील सर्वांत उंच खिंड फोटू ला, सुमारे साडेतेरा हजार फूट. झोजीला तिच्याहून जवळजवळ दोन हजार फुटांनी ठेंगणी. ('ला' म्हणजेच खिंड, तेव्हा 'झोजीला खिंड' ही द्विरुक्ती, पण जिभेला तेच वळण पडले आहे.) असे असूनही दरारा सारा झोजीलाचाच. पश्चिमेचे वारे आपले बाष्प हिमालयाच्या ह्या भिंतीवर हिमरूपाने टाकून देतात. पलीकडे लडाख कोरडा राहतो. एका बाजूस देवदार, दुसऱ्या बाजूस ओसाडी! पश्मिन्याची लोकर आणणारी तट्टे व हमाल शतकानुशतके ह्याच वाटेने ये-जा करीत.

१९४८ साली हल्लेखोरांनी खिंड, द्रास व कारगिल घेतले आणि लेह तुटले. जनरल थिमय्यांनी तेव्हा जो बेत केला, तो कोणासही वेडाचा वाटला असता: खिंडीत रणगाडे न्यावयाचे! मद्रास सॅपर्सच्या जवानांनी बालतालपासूनची खेचरांची वाट रुंद केली. रणगाडे बुरूज उतरवून, झाकून गुपचूप आणले गेले. १ नोव्हेंबर रोजी ते खिंडीत शिरले, आणि महिना संपण्यापूर्वी कारगिल हाती आले. आमच्या मते ह्या रस्त्याचा खरा आरंभ तेथेच आहे.

तरीही पुढची बारा वर्षे काम रेंगाळलेच. चीनने १९५७ पर्यंत अक्साई चीनमधून सडक नेली, तेव्हा दिल्लीस जाग आली. १९६० मध्ये सीमा सडक संघटना स्थापन झाली आणि दोन वर्षांत मोटारी लेहला पोहोचू लागल्या. परदेशी प्रवाशांस लडाख खुला झाला तो १९७४ मध्ये. १९९९ साली द्रासजवळच्या शिखरांवरून शत्रूच्या तोफखान्याचा मारा ह्याच सडकेवर होत होता.

झोजीलाखालून तेरा किलोमीटरांहून लांब बोगद्याचे काम २०२० मध्ये सुरू झाले. लडाखच्या रस्त्यांवर दगड फोडणारे, बर्फ उपसणारे मजूर मात्र बहुतांशी दुमक्याच्या बाजूचे, जेथे बर्फ कधी पडत नाही. उन्हाळ्यापुरते ते येतात, आणि थंडी पडू लागली की परततात.